डोळ्यांची इजा आणि वेदनेची साक्ष

डोळ्यांच्या इजेविषयी आपल्याकडे जे गैरसमज रूढ आहेत, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच भाबडी समजूत असते. ती अशी की, जितकी वेदना तितकीच इजा. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. छिन्नीवर हातोडा पडताना उडालेला लोखंडाचा कण कित्येकदा इतक्या वेगाने बुबुळ भेदून जातो, की क्षणभर काहीतरी टोचल्याचा भास होऊन कारागीर पुन्हा कामाला लागतो, त्या दिवशी दृष्टीही शाबूत असते, आणि आत राहिलेले लोखंड मात्र सावकाश गंजत जाऊन पुढे दृष्टिपटलाचा नाश करते. याउलट, वेल्डिंगचा लखलखाट उघड्या डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य काही तासांनी, म्हणजे बहुधा ऐन रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखा तळमळत उठतो. पण ही इजा सामान्यतः एकदोन दिवसांत भरून येते.

ॲसिड तेवढे भयंकर, चुना काय, तो तर खाण्याचा, हा समज त्याहून घातक. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची प्लास्टिकची पुडी घरातल्या पोराच्या हाती लागते, चिमटीत दाबताच फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. आम्ल प्रथिने गोठवून बहुधा स्वतःचीच वाट अडविते. चुन्यासारखा क्षार मात्र ऊती विरघळवीत खोल उतरतो. अशा वेळी मध, तूप वा गुलाबपाणी शोधीत बसणे म्हणजे चुन्याला मुदतवाढ देणे होय. नळाखाली, पापण्या उघड्या धरून, निदान अर्धा तास साधे पाणी सोडावे, आणि मगच दवाखाना गाठावा. डोळ्यात काही रुतले असेल, तर मात्र ते उपसू नये, डोळा चोळू वा धुऊ नये. दाब न पडेल असे कठीण आच्छादन वर ठेवून तडक नेत्रतज्ज्ञाकडे जावे. उसाचे पाते वा भाताचे कुसळ लागल्यावर घरात उरलेले थेंब घालणेही वर्ज्य, कारण त्या जखमेत बुरशी वाढते, आणि थेंबांत स्टिरॉइड असल्यास तिचे आयतेच फावते.

जोखीम केवळ काम करणाराची, ही समजूत तर कायद्यानेच खोटी ठरविली होती. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 35व्या कलमात पडदे वा गॉगल यांची जी तजवीज होती, ती यंत्रावरील कामगाराइतकीच त्याच्या लगतच्या माणसासाठीही होती. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानापुढे घुटमळणाऱ्या पोरांचा विचार मात्र कोण करतो?

खेळात भय वेगवान चेंडूचेच, असे म्हणणारांनी यष्टिरक्षकांकडे पाहावे. 2000 साली ढाक्यात सबा करीम यांच्या उजव्या डोळ्याला गंभीर इजा झाली, ती अनिल कुंबळे यांच्या फिरकीवर. आणि 2012 साली टाँटन येथे मार्क बाउचर यांची कारकीर्द संपली, तीही इम्रान ताहिर यांच्या फिरकीवर उडालेल्या एका बेलने. आपल्याला चष्मा आहेच, म्हणून निश्चिंत राहणेही फसवे: तो बाजूंनी उघडा असतो, आणि काच फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यात जातात. ग्राइंडरपुढे असो वा मैदानावर, पॉलिकार्बोनेटचा, त्या त्या कामासाठीच घडविलेला गॉगल हवा. वेल्डिंगला तोही पुरत नाही, तेथे गडद काचेचा मुखवटाच लागतो.