एका थेंबाची जबाबदारी

२०२० साली 'पीसीआर' हा शब्द आपल्या घराघरांत शिरला. शाळेतल्या बेडकापलीकडे ज्यांचा जीवशास्त्राशी कधी संबंध आला नव्हता, अशी मंडळीदेखील 'तुमचा रिपोर्ट आला का?' म्हणून एकमेकांना विचारू लागली. नाकात घातलेल्या काडीपासून मोबाइलवर आलेल्या निकालापर्यंतच्या वाटेवर कोणीतरी माणूस बसलेला असतो, त्याची मात्र कोणी फारशी चौकशी केली नाही. तो कोण, त्याला कोणी शिकवले आणि त्याच्या हातून चूक झाली तर काय, हे प्रश्न आनुवंशिक रोगांच्या तपासणीत अधिकच गंभीर होतात. तापाचे रक्त चार दिवसांनी पुन्हा तपासता येते. परंतु गर्भातल्या मुलाच्या जनुकाविषयीचा रिपोर्ट वाचून आईबाप जो निर्णय घेतात, तो पुष्कळदा परत फिरवता येत नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या माणसासाठी स्वतंत्र परवानाच ठेवला आहे. त्याचे नाव आगगाडीसारखे लांब आहे: 'क्लिनिकल जेनेटिक मॉलिक्युलर बायॉलॉजिस्ट सायंटिस्ट'. आपण सोयीसाठी 'जनुक-तपासनीस' म्हणू. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला राज्य सरकारचा असा वैयक्तिक परवाना लागत नाही. ज्या थोड्या राज्यांत तो लागतो, त्यांत कॅलिफोर्निया आहे. पुण्या-मुंबईत जीवशास्त्राची किंवा बायोटेक्नॉलॉजीची पदवी घेऊन लग्नानंतर सॅन होजे, फ्रीमॉन्टच्या बाजूला संसार थाटलेल्या मराठी मुलींना या परवान्याचे नाव तिथे गेल्यावर कळते, आणि इकडे आईवडिलांना फोनवर ते समजावून सांगता सांगता त्यांची पुरेवाट होते. त्या आईवडिलांसाठीही हा लेख आहे.

या शास्त्राशी कॅलिफोर्नियाचे नाते जुने आहे. सिकलसेल हा रोग रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या घडणीतच दोष असल्यामुळे होतो, हे १९४९ साली पासाडेना येथे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. हाच तो रोग, ज्याने आपल्याकडे विदर्भात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्त्यांत किती घरे पोखरली आहेत! १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत युएट वाई कान आणि अँड्री डोझी यांनी गर्भजलातील पेशींचा डीएनए तपासून गर्भाला हा रोग आहे की नाही हे सांगण्याची रीत काढली. आणि १९८३ साली, त्याच खाडीच्या पलीकडच्या काठावर एमरिव्हिल गावच्या सीटस कंपनीत काम करणाऱ्या कॅरी मलिस यांना, रात्री मोटार चालवत असताना, पीसीआरची कल्पना सुचली. त्यासाठी त्यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८५ साली या रीतीचा पहिला जाहीर उपयोग झाला, तोही सिकलसेलच्या निदानासाठीच!

परवान्याची वाट कागदोपत्री सरळ दिसते. आधी विज्ञानाची पदवी हवी आणि तीत या कामाला लागणारे विषय शिकलेले हवेत. पदवी परदेशची असेल तर मान्य संस्थेकडून तिची बरोबरी ठरवून घ्यावी लागते. मग राज्याच्या आरोग्यखात्याकडून उमेदवारीचा परवाना काढायचा. म्हणजे शिकण्यासाठीसुद्धा परवाना! त्यानंतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एक वर्षाची उमेदवारी, शेवटी परीक्षा, आणि सर्व जमले तर खरा परवाना. यांतले अवघड ते उमेदवारीचे वर्ष.

पहिले काही दिवस जातात ते पिपेट धरायला शिकण्यात. एक मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. पाण्याचा असा थेंब एक मिलिग्रॅम भरतो. तो दर खेपेस तेवढाच सुटला पाहिजे. उमेदवाराला पाणी काढून तराजूवर तोलायला लावतात. हात चुकला की तराजू चहाडी करतो. पुढे रक्ताच्या नळ्या ओळखणे. जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त या कामाला चालते. हिरव्या टोपणाच्या नळीत हेपारिन असते आणि ते पीसीआरच्या कामात खोडा घालते. टोपणाचा रंग पाहून परत पाठवायची नळी तशीच पुढे गेली तर सगळ्या दिवसाची मेहनत फुकट.

मग येते ती पीसीआरची खरी शिकवण. या यंत्रात डीएनएचा ठराविक तुकडा प्रत्येक फेरीला दुप्पट होतो. एका तुकड्याचे तीस फेऱ्यांनंतर सुमारे १०७ कोटी होतात. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. पण याच दुपटीत धोका आहे. कालच्या रोग्याच्या नमुन्यातला डोळ्यांना न दिसणारा कण आज दुसऱ्याच्या नळीत पडला, तर यंत्र त्याचेही तितक्याच निष्ठेने कोट्यवधी तुकडे करील आणि निरोग्याला रोगी ठरवील. यंत्राला खरेखोटे कळत नाही.

म्हणून अशा प्रयोगशाळेतली वाट एकाच दिशेची असते. रसायने मिसळायची खोली वेगळी, नमुना घालायची जागा वेगळी, वाढवलेला डीएनए उघडायची खोली वेगळी. त्या शेवटच्या खोलीतून पहिल्या खोलीत तोच कोट, तेच हातमोजे, तेच पिपेट घेऊन कोणी यायचे नाही. आपल्या आज्यांच्या सोवळ्याची आठवण व्हावी असा हा प्रकार! फरक इतकाच, की हे सोवळे पाळले की नाही हे दररोज तपासले जाते. प्रत्येक खेपेला एका नळीत रोग्याचा नमुना न घालता नुसते शुद्ध पाणी घालतात. त्या पाण्याच्या नळीत काही उमटले, की त्या खेपेचे निकाल बाद. वीस रोग्यांचे डॉक्टर फोन करीत असोत, वरिष्ठ घड्याळाकडे बघत असोत. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मला वाटते, उमेदवाराची खरी परीक्षा त्याच दिवशी होते.

गर्भाच्या तपासणीत आणखी एक फसगत असते. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या असतील, तर बाळाचा म्हणून आईचाच निकाल दिला जाईल. म्हणून आईचेही रक्त घेऊन दोन्ही ताडून पाहतात. शिवाय बाहेरच्या संस्थांकडून अधूनमधून गुपित नमुने येतात. उत्तर त्यांना ठाऊक असते, प्रयोगशाळेला नसते. ते रोग्याच्या नमुन्यासारखेच तपासायचे आणि निकाल कळवण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेला विचारायचे नाही, असा कायदाच आहे.

हात बसला की वाचन शिकायचे. सिकलसेलमध्ये जनुकाच्या एका जागी एक अक्षर बदलते. 'ए'च्या जागी 'टी' येते आणि अर्थ स्पष्ट असतो. सर्वच बदल इतके सरळ नसतात. स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असलेल्या 'बीआरसीए' जनुकांत हजारो तऱ्हेचे बदल सापडतात. २०१५ सालच्या अमेरिकन मार्गदर्शक नियमांप्रमाणे त्यांच्या पाच पायऱ्या केल्या जातात: एका टोकाला रोगकारक, दुसऱ्या टोकाला निरुपद्रवी, आणि अगदी मध्ये 'अर्थ अनिश्चित'. या मधल्या पायरीवर पुष्कळ अश्रू सांडतात. 'काहीतरी सापडले' एवढेच ऐकून घाबरलेली बाई शस्त्रक्रियेची भाषा करू लागते, आणि निव्वळ अशा अनिश्चित बदलावरून शस्त्रक्रिया करू नये असा शास्त्राचा सल्ला आहे. आपल्या लोकांना हे अनिश्चित उत्तर गोऱ्या लोकांपेक्षा अधिक वेळा मिळते. कारण जगभरच्या जनुक-संग्रहांत भर आहे ती युरोपीय वंशाच्या माणसांची. कुळकर्णी-पाटलांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या निर्धोक चालत आलेला बदल त्या संग्रहाला अपरिचित असतो. अंतिम अर्थ लावून सही करण्याचे काम प्रयोगशाळेच्या संचालकाचे. त्याला डॉक्टरेट किंवा वैद्यकीय पदवी लागते. पण त्याच्यासमोर जे अक्षर ठेवले ते खरेच त्या बाईच्या नळीतले आहे, याची ग्वाही तपासनिसानेच द्यायची असते.

परीक्षेचे फारसे सांगण्यासारखे नाही. 'एएससीपी' या संस्थेच्या परीक्षेत शंभर प्रश्न अडीच तासांत सोडवायचे असतात. उत्तर बरोबर आले की संगणक पुढचा प्रश्न अधिक कठीण घालतो, त्यामुळे हुशार विद्यार्थीही रडवेला होऊन बाहेर येतो.

खरी रड आहे ती उमेदवारीच्या जागांची. शिकवायला परवानेदार माणूस लागतो, त्याचा वेळ जातो, आणि उमेदवाराला स्वतःच्या जबाबदारीवर एकही निकाल देता येत नाही. साहजिकच जागा थोड्या आणि अर्ज फार. इकडे परवानेदार मिळत नाहीत म्हणून प्रयोगशाळा कुरकुरतात, तिकडे पदवी हातात घेऊन मुली दारोदार चौकशी करतात. नियमांचा कडकपणा मला मुळीच जाचक वाटत नाही; पण शिकवण्याचा भार प्रयोगशाळांच्या मर्जीवर सोडून कडक नियम करणे म्हणजे दोर-पोहरा न देता विहीर दाखवण्यासारखे आहे. पुष्कळजणी आधी त्याच ठिकाणी मदतनीस म्हणून लागतात, नमुने लावतात, नोंदी ठेवतात, आणि जागेची वाट पाहतात. त्यात दोन-दोन वर्षे गेली तरी ती अगदी वाया जात नाहीत. हाताला वळण लागते.

आणि एवढे करून मिळालेला परवाना फक्त जनुकांच्या तपासणीपुरता! बीआरसीएचा गुंता सोडवणाऱ्या या बाईंना त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्तातली साखर तपासून निकाल द्यायचा झाला तर ते चालत नाही. त्यासाठी वेगळा परवाना, वेगळी उमेदवारी. तेव्हा मुलगी सुट्टीत घरी आली म्हणजे शेजारच्या काकूंनी आपले मधुमेहाचे कागद घेऊन तिच्याकडे न आलेलेच बरे.