सांगलीचा शोध साताऱ्यांत

तासगांव, वाळवा किंवा कुंडल येथील एखादी विद्यार्थिनी बेचाळीसच्या चळवळीवर प्रबंध लिहावयास घेते, आणि संगणकावरील ग्रंथसूचींत ‘सांगली’ व ‘स्वातंत्र्यलढा’ असे दोन शब्द घालते. हातीं फार थोडें लागतें. आपल्या गांवाविषयीं विद्वानांनीं कांहीं लिहिलेंच नाहीं, असें समजून ती विषय सोडावयास निघते. वास्तविक साहित्य असतें; तें दुसऱ्या नांवाखालीं असतें, इतकेंच.

कारण १९४२ सालीं सांगली जिल्हा मुळीं अस्तित्वांतच नव्हता. सांगली हें पटवर्धनांचें संस्थान होतें. तासगांव व वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यांत होते, आणि कुंडल तर औंध संस्थानांत. पुढें १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, व त्यासच १९६० सालीं ‘सांगली’ हें नांव मिळालें. तेव्हां ज्या काळाचा शोध, त्या काळचें मुलुखाचें नांव, हें पहिल्यानें ध्यानीं धरावें. तासगांवची जुनी माहितीदेखील १८८५ च्या सातारा गॅझेटियरांतच पाहावी लागते.

चळवळीच्या नांवाचीही तीच गत. कार्यकर्ते ‘प्रति सरकार’ म्हणत. लोकांच्या तोंडीं ‘पत्री सरकार’ बसलें. अ. बा. शिंदे यांच्या १९९० च्या इंग्रजी ग्रंथाच्या मथळ्यांत ‘पॅरलल गव्हर्मेंट’ आहे, तर गेल ऑमव्हेट यांच्या निबंधाच्या मथळ्यांत ‘प्रति सरकार’ आहे. एकाच शब्दावर विसंबणारास यांपैकीं एक हुकण्याचा संभव फार. बाई स्वतः सांगली जिल्ह्यांतील कासेगांवीं राहत, पण मथळ्यांत नांव साताऱ्याचें, हेंही लक्षांत घेण्याजोगें आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीनें तर हे देशभक्त गुन्हेगारच! म्हणून सरकारी कागदांसाठीं ‘दरोडा’ या अर्थाचा इंग्रजी शब्दही घालावा लागतो. मनास रुचत नाहीं खरें. परंतु शोधतांना आपला शब्द चालत नाहीं, लिहिणाराचा चालतो.

‘स्वातंत्र्यलढा’ हा शब्द फार मोठा, त्यांत गांव बुडून जातें. त्याऐवजीं ‘नाना पाटील’ किंवा ‘तुफान सेना’ घालून पाहावें. एक चांगला निबंध सांपडला, कीं त्याच्या शेवटची संदर्भांची यादी वाचावी. पुढचे शब्द तेथेंच मिळतात.

आणि घरांत वृद्ध मंडळी असल्यास त्यांस अवश्य विचारावें. गांव तेव्हां कोणत्या तालुक्यांत होतें, कचेरी कोठें होती, हें त्यांच्या तोंडीं असतें. साताऱ्याचें नांव मात्र जुन्या इंग्रजी कागदांत कधीं कधीं दोन ‘टी’ घालून लिहिलेलें आढळतें. तसेंही एकदां शोधून पाहावें.