आरोप, अंदाज आणि पुण्याचा मतदार

2009 साली सुरेश कलमाडी पुण्यातून सुमारे 25 हजार मतांनी खासदार झाले. पुणे फेस्टिव्हल, मॅरेथॉन, बालेवाडीतले 2008 चे युवा राष्ट्रकुल खेळ ही त्यांची ओळख. एप्रिल 2011 मध्ये राष्ट्रकुल क्रीडा गैरव्यवहार प्रकरणी सीबीआयने त्यांना अटक केली. ज्या खेळांनी नाव दिले, त्याच खेळांशी आरोप जोडला गेला, म्हणून तो मतदाराच्या मनात खोल रुतला, असे मला वाटते. 2014 मध्ये काँग्रेसने उमेदवार बदलला, तरी भाजपचे अनिल शिरोळे तीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. अर्थात त्यात मोदी लाटेचाही मोठा वाटा होता. पुढे 2025 मध्ये ईडीचा प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयाने स्वीकारला. मतदान तोवर कधीच होऊन गेले होते.

जनमत चाचणीचे वजन वेगळे. कुणाचे पारडे जड, हे कळले की कुंपणावरचा मतदार हलतो आणि कार्यकर्त्यांचा हुरूपही. म्हणून मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत वाहिन्यांवर ती दाखवण्यास बंदी आहे. राज्यभरात 4,800 जणांना विचारले, तर 48 लोकसभा मतदारसंघांत प्रत्येकी सरासरी शंभरच. तेवढ्यावरून पुण्यातल्या कोथरूड-कसब्याचा कल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.