क्रेव्हिंग म्हणजे नुसती भूक नव्हे

भूक लागली की भाकरीही चालते. क्रेव्हिंग झालं की पाणीपुरीच हवी! जुन्या इंग्रजीत ‘क्रेव्ह’चा अर्थ होता हक्काने मागणे. पुढे त्यात विनवणी आली, मग अनावर ओढ.

आपण सर्रास ‘आय क्रेव्ह फॉर चॉकलेट’ म्हणतो. पण क्रियापदाला सहसा ‘फॉर’ लागत नाही. ‘आय क्रेव्ह चॉकलेट’ पुरे. नामाला मात्र लागतो: ‘अ क्रेव्हिंग फॉर चॉकलेट’. आणि हे फक्त खाण्याचंच नाही बरं का, कौतुकाचंही क्रेव्हिंग असतं.

गर्भवतीच्या क्रेव्हिंगसाठी आपल्याकडे खास शब्दच आहे, डोहाळे. सुश्रुतसंहितेत तिला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हटलंय. तिला हवं ते द्यावं, असंही सांगितलंय. तिचं मागणं अजून हक्काचंच आहे!