मिठाला जागलेला मनुष्य

पाचगणी आमच्या वाचकांस नवखी नाही. वाईहून पसरणीचा घाट चढला की लागणारी थंड हवा, टेबललँडचे पठार, खाली पसरलेले कृष्णेचे खोरे आणि झाडीत दडलेल्या निवासी शाळा जुन्या पिढीच्या चांगल्या आठवणीत आहेत. परंतु ज्याचा आवाज आज आपल्या नातवंडांच्या खोलीतून घरभर घुमतो, तो रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी ह्याच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. २०१६ च्या सप्टेंबरात त्याच्या ‘क्वीन’ वाद्यवृंदातील दोघे जुने साथीदार नवा गायक घेऊन तेल अवीवच्या यार्कोन उद्यानात कार्यक्रम करून गेले. आपल्यातील तरुण मंडळी तेथे गेली असतीलच.

त्याचे चरित्र सांगण्याचा आमचा विचार नाही. ती पुस्तके विपुल आहेत. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्याच्या शेजारी उभे राहून बारा वर्षे काम केलेल्या एका गृहस्थाविषयी. पीटर फ्रीस्टोन हे त्यांचे नाव. गायकाच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १९९८ साली, त्यांनी डेव्हिड एव्हान्स ह्यांच्या साहाय्याने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. थोर माणसाच्या घरात वावरलेल्या नोकराने मागाहून काय सांगावे आणि काय पोटात ठेवावे, हा प्रश्न त्या आठवणी वाचताना मनातून जात नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. फ्रेडीचे मूळ नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. वडील बोमी बलसारा तेथील न्यायालयात रोखपाल होते. घराणे गुजरातेतील पारशी. आठव्या वर्षी मुलाची रवानगी पाचगणीस झाली. मुख्याध्यापकांनी मुलाचा कल ओळखून आईबापांस पत्र लिहिले आणि जास्तीची फी भरून त्यास संगीत शिकवावे असे सुचविले, असे चरित्रकार सांगतात. आम्ही शिक्षकी पेशातले असल्यामुळे ह्या एका पत्राचे मोल आम्हांस फार वाटते. तो पियानो शिकला, आणि १९५८ साली चार मित्रांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली व कुटुंब नेसत्या वस्त्रांनिशी म्हणावे तसे इंग्लंडला आले. फारुखचा फ्रेडी शाळेतच झाला होता. बलसाराचा मर्क्युरी पुढे लंडनला झाला. (आपल्यातील किती पेणकर, रोहेकर आणि किहीमकर येथे उतरल्यावर नव्या आडनावांचे झाले, ते आठवून ह्याचे नवल करू नये.)

असो. १९७९ च्या ऑक्टोबरात लंडनच्या कोलिझियम नाट्यगृहात रॉयल बॅलेने एक धर्मादाय कार्यक्रम योजला होता, आणि त्यात फ्रेडी नर्तकांसमवेत नाचला व गायला. श्री. फ्रीस्टोन त्या सुमारास रॉयल बॅलेच्या पोशाखघरात कामास होते. ती पहिली भेट. थोड्याच दिवसांत क्वीनच्या दौऱ्यावर कपड्यांची व्यवस्था पाहण्यासाठी त्यांस बोलावणे आले. काम काही आठवड्यांचे होते. ते फ्रेडीच्या अखेरच्या श्वासापर्यंत चालले. योगायोग असा की त्यांचेही बालपणाचे काही दिवस हिंदुस्थानात, दक्षिणेकडील एका निवासी शाळेत गेले होते. घरापासून दूर, पत्रांच्या आधारावर वाढलेली ही दोन मुले लंडनला एकत्र आली, आणि फ्रेडीने आपल्या सवयीप्रमाणे त्यांस ‘फीबी’ असे बायकी टोपणनाव देऊन टाकले.

काम कोणते होते? पडेल ते. कपडे धुणे, इस्त्री, सामानाच्या पेट्या, दूरध्वनी, पत्रव्यवहार, स्वयंपाक, पाहुण्यांची उठबस, लिलावात घेतलेल्या चित्रांची ने-आण, आणि रात्री-अपरात्री मालकाचे मन मोकळे व्हावयाचे असेल तेव्हा समोर बसून ऐकणे. केन्सिंग्टनमधील ‘गार्डन लॉज’ ह्या घरात जपानी चित्रे होती, मांजरे होती, आणि फ्रेडी परदेशी असला म्हणजे ह्या मांजरांस दूरध्वनीवरून त्याचा आवाज ऐकवावा लागे. धनसाक त्याच्या विशेष आवडीचा होता असे निकटवर्तीयांनी सांगितले आहे. जगापासून पारशीपण लपविले तरी जिभेपासून कसे लपवावे?

परंतु आमच्या मते ह्या आठवणींतील खरी संपत्ती निराळीच आहे. श्री. फ्रीस्टोन ऑपेराचे जाणकार. ऑपेरा म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत गाऊन दाखविलेले नाटक. फ्रेडीस पुरुष गायकांची ओढ अधिक. म्हणून पाव्हारोत्ती ह्या प्रख्यात गायकास ऐकविण्यासाठी श्री. फ्रीस्टोन त्यास कॉव्हेंट गार्डनच्या रंगगृहात घेऊन गेले. पाव्हारोत्तीचे गाणे झाले, त्याने टाळ्या वाजविल्या. मग मोन्सेरात काबाये ही स्पॅनिश गायिका रंगमंचावर आली, आणि फ्रेडी थक्क झाला. असा आवाज आपण जन्मात ऐकला नाही, हे तो पुढे वर्षानुवर्षे सांगत राहिला. पोशाख सांभाळणाऱ्या मनुष्याने मालकास एक दार उघडून दाखविले, आणि त्या दारातून पुढे एक संपूर्ण संगीतकृती आली. १९८७ च्या मार्च महिन्यात बार्सिलोनाच्या रिट्झ हॉटेलात दोघांची भेट झाली. जगभर स्टेडियमे भरविणारा हा गायक त्या दिवशी परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यासारखा धास्तावला होता, असे सोबतच्यांनी लिहून ठेवले आहे.

त्यापुढील काम पाहण्यासारखे आहे. काबायेबाईंच्या तारखा वर्षानुवर्षे आधी ठरलेल्या. त्या लंडनला येऊन आठवडेच्या आठवडे बसणे शक्य नव्हते. तेव्हा फ्रेडी आणि पियानोवादक माइक मोरन गाणे रचीत, बाईंचा भाग फ्रेडी स्वतः उंच, कृत्रिम स्वरात गाऊन ध्वनिमुद्रित करी, आणि ती फीत बाईंकडे जाई. बाई तीवरून आपला भाग बसवीत. ‘बार्सिलोना’ हे गाणे १९८७ मध्ये आणि त्याच नावाचा संच १९८८ मध्ये निघाला. १९९२ साली बार्सिलोनास ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा हे गाणे जगाने ऐकले; गायक तोवर उरला नव्हता.

रॉक संगीत म्हणजे नुसता धिंगाणा, असा समज आपल्या पिढीत रूढ आहे. (आमच्या घरीही तो पूर्णपणे मावळलेला नाही.) त्याच्या साथीदारांच्या आठवणी मात्र वेगळे सांगतात. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ ह्या पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांच्या गाण्यात ऑपेराच्या धर्तीचा जो समूहगानाचा भाग आहे, तो गाणारे अवघे तिघे होते. आवाजावर आवाज चढवीत ते सुमारे तीन आठवडे गात राहिले, आणि ध्वनिफीत वारंवार यंत्रातून फिरून इतकी झिजली की तिच्या आरपार उजेड दिसू लागला, असे वादक ब्रायन मे सांगतात. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली येथे सुमारे बहात्तर हजार लोकांसमोर त्यांनी जे वीस-एकवीस मिनिटे गाजविले, त्यामागेही काटेकोर तालीम होती. हातातील तो अर्धा दांडा तेवढा अपघाताचा. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात ध्वनिक्षेपकाचा स्टँड मध्येच निखळला, आणि त्याने तो तसाच कायमचा आपलासा केला.

१९८७ मध्ये त्यास एड्स असल्याचे निदान झाले. आजच्या वाचकास त्या काळाची कल्पना येणे कठीण. गुणकारी संयुक्त औषधे १९९६ च्या सुमारास आली. तोपर्यंत हा रोग म्हणजे मृत्यूची चिठ्ठीच, आणि रोग्याचा पेला उचलण्यासही लोक भीत. त्याच वर्षी फ्रेडीच्या एका पूर्वीच्या व्यवस्थापकाने त्याच्या खासगी आयुष्याच्या हकीकती लंडनच्या एका वृत्तपत्रास विकल्या. मित्र कोण आणि भाडोत्री कोण, हे त्या घरास तेव्हा कळले. पुढे फाटकाबाहेर छायाचित्रकार तळ देऊन बसू लागले. त्यांतून रोज ये-जा करणाऱ्या श्री. फ्रीस्टोनकडे त्यांस हवी असलेली बातमी होती आणि तीस मोठी किंमत होती. ती त्यांनी विकली नाही.

ह्या दिवसांतही काम थांबले नव्हते. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे तो ध्वनिमुद्रणासाठी जात राहिला. १९९० मध्ये एक कठीण गाणे त्यास झेपेल की नाही ह्याची ब्रायन मे ह्यांस शंका होती. त्याने व्होडकाचा घोट घेतला आणि ते गाऊन दाखविले. १९९१ च्या मे महिन्यात आणखी एका गाण्याची शेवटची कडवी त्यास पुरी करता आली नाहीत, ती पुढे मे ह्यांनी गायिली. घरी परतल्यावर रुग्णालय नको असा त्याचा आग्रह होता. मग शुश्रूषा केली ती घरातल्याच माणसांनी: श्री. फ्रीस्टोन, आचारी जो फॅनेली, आणि सहचर जिम हटन. पाळ्या लावून ते उशाशी बसत. ज्या हातांनी रंगमंचावर जाण्यापूर्वी त्याचे झगझगीत पोशाख चढविले, त्याच हातांनी शेवटी अंथरूण बदलले.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी आजाराचे निवेदन प्रसिद्ध झाले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. २७ तारखेस पश्चिम लंडनच्या दहनभूमीत मोजक्या लोकांसमक्ष पारशी दस्तुरांनी अवेस्ता भाषेतील प्रार्थना म्हटल्या. फारुख बलसारा ह्यास निरोप त्याच्या आईबापांच्या धर्माप्रमाणे मिळाला.

आता मूळ प्रश्नाकडे. मालकाने जे आयुष्यभर झाकले, ते नोकराने सात वर्षांनी पुस्तकात लिहावे काय? आमच्यात ह्यावर मतभेद झाले. आमच्यातील एका पक्षाचे म्हणणे असे की खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे मरेपर्यंत तोंड मिटून ठेवणे. आम्हांस हे पटत नाही. गुप्ततेची गरज रोग्यास होती, तोवर ती पाळली गेली. मागे जे उरले ते शिळ्या गप्पांच्या वृत्तपत्रांच्या हवाली करण्यापेक्षा ज्याने इस्त्री केली, ताट वाढले आणि नाडी पाहिली त्याने सांगणे अधिक बरे. पुस्तकात मालकाचा तापटपणा, उधळेपणा, पार्ट्या सर्व काही आहे, आणि हे सर्व लिहिणाऱ्याचा स्वर एकदाही छद्मी होत नाही. बारा वर्षे दुसऱ्याच्या घरात काम केलेल्या आपल्यातील कित्येक भगिनी, ज्या येथे वृद्धांची सेवा करून संसार चालवितात, त्या हे पुस्तक आमच्यापेक्षा नीट वाचतील.

श्री. फ्रीस्टोन पुढे झेक प्रजासत्ताकात स्थायिक झाले. तेथील शाळांतून ते मुलांशी एड्सविषयी बोलत आले आहेत. फ्रेडी मर्क्युरीच्या घरी राहिलेला मनुष्य आला आहे म्हणून वर्ग भरतो, मुले आधी मांजरांविषयी आणि पोशाखांविषयी विचारीत असतील, आणि मग ते त्या नोव्हेंबर महिन्याकडे वळत असतील.