म्हापसा: शुक्रवारी पाहावे असे शहर

गोव्यात आलेला पर्यटक म्हापशाला उतरतो तो बहुधा बस बदलण्यासाठी. कळंगुट, हणजुणे, हरमल यांच्या वाटा येथून फुटतात; बार्देशचे हे मुख्य शहर मात्र पाहण्याच्या यादीत क्वचितच असते. येथे किनारा नाही, किल्ला नाही. येथे पाहायचा तो बाजार. ‘माप’ या शब्दाशी शहराच्या नावाचा संबंध लोकव्युत्पत्ती जोडते आणि बाजारात फिरल्यावर ती पटण्यासारखी वाटते.

आजचे बाजार संकुल पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस, १९६० च्या सुमारास उभे राहिले. दुकाने रोजचीच, शुक्रवारी मात्र गावागावांतून माणसे आपला माल घेऊन येतात. हरमलची मिरची, मयड्याची केळी, डिचोलीकडील मातीची भांडी, हंगामात मानकुराद. हणजुण्याचा बुधवारचा बाजार पर्यटकांसाठी भरतो, हा घरांसाठी. म्हणूनच तो ऋतूप्रमाणे बदलतो. मे महिन्यात सुके मासे, मिरची, सोले, चिंच अशी पावसाळ्याची बेगमी घेण्यास झुंबड उडते. तिला ‘पुरुमेत’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज, गरज इथली. चतुर्थीपूर्वी पेडणे, डिचोली, सत्तरीच्या रानातला माटोळीचा साज येतो: सुपारीची शिपटी, तोरिंग, आंबाडे आणि नवी पिढी ज्यांची नावे विसरत चालली आहे अशी रानफळे. ती नावे विकणाऱ्या बायकांच्या तोंडी अजून आहेत. त्यांची विक्री थांबली, तर नावेही जातील. तेव्हा नुसती छायाचित्रे काढून निघणाऱ्यापेक्षा पावशेर मिरची घेणारा पाहुणा या बाजाराला अधिक हवा.

बाजार आटोपल्यावर सेंट जेरोम चर्च पाहावे. मूळ वास्तू १५९४ ची. १८३८ च्या आगीनंतर ती पुन्हा बांधली गेली. येथील मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविकही तेल घेऊन येतात. कारण लोकमानसात ती सात बहिणींपैकी एक, मिराबाई. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, पेडण्यातील मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी. ईस्टरनंतर सुमारे पंधरवड्याने सोमवारी हे फेस्त होते, तर वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा. त्यामुळे एकाच प्रवासात दोन्ही पाहणे काही वर्षी सहज जमते. शेताच्या कडेच्या बोडगेश्वराकडे मात्र पौषातल्या जत्रेला, आणि रात्रीच जावे.