संगणकांतील मयसभा

मयसभेंत दुर्योधनाची झालेली फजिती आपणां सर्वांस ठाऊक आहे. जेथें जमीन होती तेथें त्याला पाणी दिसलें, आणि जेथें पाणी होतें तेथें जमीन समजून त्यानें पाऊल टाकलें. डोळ्यांना जें कळलें नाहीं तें पायांना कळलें! आजच्या संगणकांतहि अशा मयसभा उभारल्या जातात. आणि आपण खऱ्या जमिनीवर आहों कीं मयाच्या, हें आंत चालणाऱ्या प्रोग्रॅमला कसें ओळखतां येतें, याविषयीं आज मी बोलणार आहें.

प्रथम ही मयसभा म्हणजे काय तें पाहूं. एका खऱ्या संगणकावर हायपरव्हायजर नांवाचा प्रोग्रॅम बसवितात. तो आपल्या पोटांत दुसऱ्या संगणकाची हुबेहूब नक्कल उभी करतो. या नकलेला म्हणावयाचें आभासी यंत्र, अथवा व्हर्च्युअल मशीन. तिच्या आंत विंडोज किंवा लिनक्स चालत असते ती, आपला प्रोसेसर स्वतंत्र, आपली मेमरी स्वतंत्र, आपली डिस्क स्वतंत्र, अशाच समजुतीनें. वस्तुतः हा सारा शिधा यजमानाच्या कोठारांतून मापून दिलेला असतो. युक्ति नवी नव्हे. अमेरिकेंत केंब्रिज येथें आयबीएम कंपनीच्या केंद्रांत १९६७ सालीं सीपी-४० या नांवानें ती कामाला लागली, आणि १९७२ सालीं कंपनीनें व्हीएम/३७० या नांवानें ती गिऱ्हाइकांपुढें मांडली. त्या काळीं लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता. पाहुण्यानें यजमानाला उघड हाक मारावी म्हणून एक आज्ञाहि ठरवून दिलेली होती.

१९७४ सालीं जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनीं आभासी यंत्राची रीतसर व्याख्या केली. त्यांची एक मुख्य अट अशी कीं, प्रोग्रॅमचें वर्तन खऱ्या यंत्रावर जसें होईल तसेंच येथेंहि व्हावें. परंतु ही अट घालतांनाच त्यांनीं दोन सवलती देऊन ठेविल्या : एक काळाची व दुसरी साधनसामग्रीची. काम थोडें सावकाश झालें, किंवा मेमरी थोडी कमी मिळाली, तर तो नकलेचा दोष मानावयाचा नाहीं. माझ्या मतें या साऱ्या विषयाची किल्ली या दोन सवलतींत आहे. नक्कल ओळखण्याच्या ज्या युक्त्या पुढें टिकल्या, त्या बहुतेक याच दोन फटींतून आंत डोकावणाऱ्या आहेत.

सर्वांत सोपी युक्ति मात्र सरळ विचारण्याची. इंटेल व एएमडी यांच्या प्रोसेसरांत सीपीयूआयडी नांवाची एक आज्ञा आहे. प्रोसेसरनें आपली ओळख सांगावी, एवढेंच तिचें काम. हायपरव्हायजर असल्यास या उत्तरांतील एक ठराविक बिट त्यानें चढवून ठेवावा असा संकेत आहे. पुढें नांव विचारलें तर नांवहि मिळतें. व्हीएमवेअर आपलें नांव दोनदां सांगतो आणि केव्हीएम तीनदां! व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक सहसा ०८:००:२७ या अंकांनीं सुरू होतो, यावरूनहि कुळ कळतें. परंतु या झाल्या दारावरच्या पाट्या. घरमालकाच्या मनांत असेल तर त्या एका रात्रींत बदलतां येतात.

दुसऱ्या युक्तीची कथा अधिक रंजक आहे. पाहुण्यानें एखादी नाजूक आज्ञा दिली कीं हायपरव्हायजर ती मध्येंच अडवितो व सोईचें उत्तर देतो. नकलेचा सारा डोलारा यावरच उभा असतो. पण २००० सालीं रॉबिन व अर्व्हाइन या दोघां संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, पेंटियम प्रोसेसरांत सतरा आज्ञा अशा आहेत, कीं ज्या नाजूक असूनहि अडविल्या जात नाहींत. त्यांपैकीं एक आज्ञा, प्रोसेसरचा एक महत्त्वाचा तक्ता मेमरींत कोठें ठेविला आहे तें सांगते. यजमान व पाहुणा या दोघांचे तक्ते एकाच जागीं ठेवतां येत नाहींत. म्हणून त्यांतला एक हलवावा लागे, आणि विचारतांच ती हलविलेली जागा उघडी पडे. पोलंडच्या योआन्ना रुटकोव्स्का या बाईंनीं २००४ सालीं याच आधारावर अवघ्या एका आज्ञेची चाचणी प्रसिद्ध केली, आणि 'द मेट्रिक्स' या १९९९ च्या चित्रपटावरून तिला 'तांबडी गोळी' असें नांव दिलें. गोळीचा गुण मात्र फार दिवस टिकला नाहीं. एका प्रोसेसरांत अनेक गाभे आले, प्रत्येकाचा तक्ता निराळा झाला, आणि चाचणी अडखळूं लागली. २००५-०६ च्या सुमारास इंटेल व एएमडी यांनीं आभासी यंत्रांची सोय प्रोसेसरांतच करून दिली, तेव्हां तर ही फट बुजलीच.

राहिला काळ. वर सांगितलेली सीपीयूआयडी आज्ञाच घ्या. इंटेलच्या आभासी यंत्रांत ती दिली कीं दर खेपेस कारभार पाहुण्याकडून यजमानाकडे जातो व उत्तर घेऊन परत येतो. ही खेप फुकट होत नाहीं. खऱ्या यंत्रावर या आज्ञेला घड्याळाचे शें-दोनशें ठोके लागत असतील, तर आभासी यंत्रांत हजाराहून अधिक लागतात. प्रोग्रॅमनें आज्ञेपूर्वीं ठोके मोजावे, आज्ञेनंतर मोजावे, व वजाबाकी करावी. प्राथमिक शाळेंतलें गणित! यावर यजमान म्हणेल, मी घड्याळच मागें लावून देतों. तसें त्याला करतां येतें. पण मग पाहुणा दुसरें घड्याळ पाहतो, नेटवर्कवरून बाहेरची वेळ मागवितो, आणि दोहोंचा मेळ घालतो. एक खोटें सांगितलें कीं तें सावरण्यासाठीं दहा सांगावीं लागतात, हा अनुभव यजमानासहि चुकलेला नाहीं. टाल गारफिंकेल व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं असेंच प्रतिपादन केलें, कीं मुळींच ओळखूं न येणारी नक्कल उभारणें व्यवहारांत शक्य नाहीं.

आतां कोणी विचारील, हा खटाटोप कोणासाठीं? पहिला गरजू आहे चोर. घातक प्रोग्रॅम हातीं आला कीं तज्ज्ञ तो आभासी यंत्रांत सोडून त्याचे चाळे पाहतात. म्हणून असा प्रोग्रॅम पहिल्यानें भोंवताल तपासतो, व पाळत दिसली कीं अगदीं गरीब गाय होऊन बसतो. शाळेंत दिपोटी आले म्हणजे वर्गांतलीं सर्वांत द्वाड पोरें कशीं हाताची घडी घालून बसतात, हें मीं जन्मभर पाहिलें आहे. १२ मे २०१७ रोजीं जगभर पसरलेल्या वानाक्रायनें इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेंतील सुमारें एक-तृतीयांश ट्रस्टांच्या कामांत व्यत्यय आणला. ठरलेलीं ऑपरेशनें रद्द झालीं, रुग्णांना दुसरीकडे पाठवावें लागलें. हा प्रोग्रॅम सुरू होतांना इंटरनेटवरचें एक अर्थहीन, कोणींच न नोंदविलेलें नांव हाकारी. उत्तर आलें तर तो मुकाट्यानें थांबे. मार्कस हचिन्स या इंग्रज तरुणानें तें नांव नोंदविलें आणि सांथ ओसरली. त्याचा तर्क असा कीं, तपासणीच्या बंदिस्त यंत्रांत कोणत्याहि नांवाला ओ दिली जाते, आणि ती ओळखण्यासाठींच ही योजना असावी. ही खूण आभासी यंत्राची नव्हे, पाळतीची. पण जात एकच. तर्क खरा असेल तर चोराच्या भित्रेपणानेंच कित्येक रुग्णालयें वांचलीं म्हणावयाचीं.

दुसरा गरजू आहे परीक्षक. घरबसल्या परीक्षा देणारा विद्यार्थी प्रश्नपत्रिका आभासी यंत्रांत उघडील आणि बाहेरच्या खऱ्या यंत्रावर पुस्तक पाहत बसेल, ही शंका रास्त आहे. म्हणून झूरिक येथील ईटीएच विद्यापीठांत तयार झालेला सेफ एग्झाम ब्राउझर, मुद्दाम मुभा दिल्याखेरीज आभासी यंत्रांत चालत नाहीं. पण येथें एक धोका आहे, व तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आजच्या पुष्कळशा नव्या विंडोज संगणकांत सुरक्षिततेसाठीं विंडोज स्वतःच हायपर-व्ही या हायपरव्हायजरवर बसलेली असते. तेथेंहि तो बिट चढलेला दिसतो! यंत्र खरें, विद्यार्थी प्रामाणिक, आणि ओबडधोबड चाचणी मात्र म्हणणार, नक्कल. हें यजमानाचें मुख्य दालन आहे कीं पाहुण्याची खोली, हें आणखी एक प्रश्न विचारून ठरवितां येतें. तो न विचारतां मुलाला दोषी धरणें म्हणजे उत्तरपत्रिका न वाचतां शून्य देणें होय.

इकडे चोरांचीहि पंचाईत झाली आहे. कंपन्यांचे बहुतेक सर्व्हर आतां भाड्याच्या आभासी यंत्रांतच असतात. नक्कल दिसली कीं पळावयाचें ठरविलें तर लुटण्याजोगें घरच उरत नाहीं. म्हणून आतां त्यांच्यापैकीं कित्येक, यंत्र खरें कीं खोटें यापेक्षां घरांत कोणी नांदतें कीं नाहीं, हें पाहतात : माऊस हलतो का, नुकतीं उघडलेलीं कागदपत्रें आहेत का, डिस्क संशयास्पद लहान तर नाहीं. तपास करणारेहि मग आपल्या यंत्रांत जुनीं पत्रें, फोटो, अर्धवट हिशेब पसरून ठेवतात.

आपल्या घरच्या यंत्राविषयीं कोणास कुतूहल असेल तर विंडोजमध्यें टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सखालीं सीपीयूचें पान पाहावें. यंत्र आभासी असल्यास तसें तेथें सहसा लिहिलेलें असतें. लिनक्सवर बहुधा सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट ही आज्ञा मिळेल. हायपरव्हायजर आढळला तर ती त्याचें नांव छापते, न आढळला तर नन एवढाच शब्द.